लिनन रॅप सावकाश, पण मशीनवाल्याला आजच थांबवा

तुमच्या दोन प्रश्नांपैकी क्यूचा, म्हणजे पूल खेळायच्या काठीचा, लिनन रॅप (मुठीवरचं सुताचं वेष्टन) काळा पडल्याचा प्रश्न निवांत सोडवता येईल. दुसऱ्याला आजच हात घाला. क्लबहाउसच्या पूल टेबलावर चहा सांडला, डाग राहिला आणि सोसायटीचं फॅसिलिटी ऑफिस रविवारी सोफे धुणाऱ्या माणसाला मशीन घेऊन पाठवतंय, असं तुम्ही लिहिलंय. ते थांबवा. फोनवर सांगून भागणार नाही, सेक्रेटरींना मेल करा. आमच्या पुण्यातल्या सोसायटीत अगदी हेच झालं होतं, म्हणून इतक्या कळकळीनं लिहितेय.

आधी सांगते, मी टेबल बसवणारी मेकॅनिक नाही. बरीच वर्षं खेळतेय आणि आमच्या टेबलाची निगा राखणाऱ्या गटात आहे, एवढंच. शिवाय हे पूलच्या कापडाबद्दल आहे. स्नूकरच्या कापडाला लव असते, त्याची रीत वेगळी.

नुसता चहाचा डाग खेळाला फारसा नडत नाही. साखरेचा चिकटपणा काढला की बॉल त्यावरून सरळ जातो. टेबलाचा खरा घात पाणी आणि घासण्यानं होतो. चांगलं पूलचं कापड बहुतांशी लोकरीचं असतं; सिमोनिस ८६० या नावाजलेल्या कापडामध्ये ९० टक्के लोकर आणि १० टक्के नायलॉन. लोकर ओली करून रगडली की आटते आणि तिचा नमदा होतो. शिवाय त्या कापडात क्यूच्या टोकाला लावायच्या चॉकची महिनोन्महिन्यांची पूड मुरलेली असते. ही पूड म्हणजे शाळेतला खडू नव्हे. विल्यम स्पिंक्स आणि विल्यम हॉस्किन्स यांनी १८९७ साली पेटंट घेतलं तेव्हापासून यात सिलिका आणि अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडसारखे खरखरीत पदार्थ असतात, वर रंग. कोरडी असेतो ती व्हॅक्यूमनं निघते. ओली झाली की तिचा रंग धाग्यात बसतो.

आमच्याकडे त्या माणसानं व्हॅक्यूम न करता फेस मारला, ब्रशनं गोल गोल घासलं आणि वर गरम हवा सोडली. चहाचा डाग खरोखर गेला. त्याजागी हिरव्या कापडावर परातीएवढे निळे ढग उमटले. साइड पॉकेटजवळ कापड सैल पडलं. काही आठवड्यांनी कडेला तपकिरी ठिपके दिसायला लागले. कापड उघडलं तेव्हा कळलं की पाणी स्लेटच्या, म्हणजे कापडाखालच्या दगडी फरशीच्या, कडेच्या लाकडापर्यंत गेलं होतं. लाकूड फुगलेलं, पिना गंजलेल्या. स्लेटच्या सांध्यात भरलेलं मेणही उष्णतेनं उचललं गेलं होतं, त्यामुळे हळू मारलेला बॉल तिथे दिशा बदलायचा. मधमाशीचं मेण ६२-६४ अंशांना वितळतं. इस्त्री, वाफ किंवा ड्रायर त्याच्याजवळ नेऊच नये.

याहून मनस्ताप झाला तो ऑफिसचा. अ‍ॅपवर तक्रार टाकली, तर “डाग काढला आहे, काम पूर्ण” असं लिहून तिकीट बंद. पुन्हा टाकली, पुन्हा बंद. कोणतं केमिकल वापरलं ते विचारलं तर उत्तर नाही. टेबलाच्या देखभालीचा करार ज्यांच्याकडे होता ते म्हणाले, पाण्याचं नुकसान करारात बसत नाही. ऑफिस म्हणालं, टेबल आमच्या अखत्यारीत नाही. मग रविवारी त्याला हात लावायला माणूस कोणी पाठवला? शेवटी ज्या घरातल्या मुलाच्या हातून चहा सांडला होता, त्या घराला बिल लावायचं कमिटीत ठरू लागलं. तो मुलगा पुढे कित्येक महिने क्लबहाउसमध्ये आला नाही. याचा मला आजही राग येतो. अखेर आम्ही खेळणाऱ्यांनी वर्गणी काढून नवं कापड बसवलं.

म्हणून मेलमध्ये तीन गोष्टी मागा: टेबलाला ओला हात फक्त टेबल मेकॅनिक लावेल, कामाआधी फोटो काढले जातील, आणि वापरायच्या केमिकलचं नाव आधी लेखी मिळेल.

डागाचं काय करायचं? आधी आसपासची पूड कमी ओढीच्या व्हॅक्यूमनं काढा. पांढरा सुती पंचा थंड पाण्यात बुडवून घट्ट पिळा आणि बाहेरून आत टिपत या. घासू नका. कोरड्या पंचानं पुन्हा टिपा, पंखा लावा, पूर्ण वाळेपर्यंत खेळू नका. जे उरेल ते राहू द्या. ब्लीच लोकर खातं. डाग काढणाऱ्या पावडरीत प्रथिनं तोडणारी एन्झाइम असतात आणि लोकर हेही प्रथिनच आहे. मिसळ किंवा पावभाजी सांडली तर साबण अजिबात नको: हळद लोकरीला पक्की धरते आणि साबणानं लाल होते. माझं स्पष्ट मत, खाणंपिणं त्या खोलीतच नको. चहाचा कप टेबलाच्या कडेवर ठेवणाऱ्याला आम्ही आता खेळू देत नाही.

आता रॅप. लिनन घाम शोषतं म्हणून आपल्या हवेत ते मला लेदरपेक्षा आवडतं, पण शोषलेलं सगळं त्यात साठतं. डोक्याचं तेल, चॉक, टाल्कम, सगळं तिथून हातावर आणि हातावरून कापडावर. टेबलावरचे पुष्कळसे करडे पट्टे असेच येतात. पांढऱ्या कपड्यावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन रॅप पुसा, मात्र आधी टोकाशी रंग सुटतोय का बघा. अल्कोहोल लाकडाच्या पॉलिशवर जाऊ देऊ नका, रॅपच्या दोन्ही कडांना टेप लावा. रॅप भिजवू तर नकाच. आतला गोंद सुटतो. नीट वाळला की चामड्याच्या तुकड्यानं किंवा खाकी कागदानं हाताला ऊब लागेपर्यंत दाबून चोळा. उभे राहिलेले धागे बसतात. सुती साडीला करतात तशी अगदी पातळ खळ चोळण्याआधी लावली तर रॅप जास्त दिवस गुळगुळीत राहतो. चकाकीसाठी खोबरेल लावायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. ते रॅप कायमचा काळा करतं आणि टेबलावर उतरतं.

क्यू सरकावा म्हणून हाताला टाल्कम लावणंही सोडा, ग्लव्ह घ्या. चॉक टेबलापासून दूर लावा, त्याची रंगीत बाजू वर ठेवा, खेळ संपल्यावर बॉल पुसा. पावसाळ्यात क्यू गाडीच्या डिकीत ठेवू नका, केसमध्ये सिलिका जेलची पुडी टाका. टेबलावर रेक्झिनऐवजी सुती चादर घाला, ओल कोंडत नाही.

टेबलाची स्लेट अखंड आहे की तीन तुकड्यांची, आणि चहा सांध्याजवळ सांडलाय का, हे कळवाल का? सांध्यावर असेल तर वर सांगितलेलं टिपणंसुद्धा मेकॅनिक येईपर्यंत थांबवा, नुसतं कोरडं व्हॅक्यूम करा.