चौथ्या पिढीच्या आय5 वाल्या जुन्या पीसीतलं जीटीएक्स 1060 ग्राफिक्स कार्ड बिघडलंय, ड्रायव्हर लोड झाला की स्क्रीनवर हिरवे-जांभळे चौकोन येतात. मित्र म्हणतो ओव्हनमध्ये भाजून बघ. भाजू, दुरुस्तीला देऊ की नवीन घेऊ?

'ओव्हन' वाचलं म्हणून लिहायला बसलो. नाहीतर ड्रायव्हर लोड झाला की स्क्रीनवर हिरवे-जांभळे चौकोन येणं हे रोजचंच दुखणं आहे.

हा प्रयोग आमच्या भावजींनी केलेला आहे. जीटीएक्स 970, ताईचा केकचा ओव्हन, 200 अंश. घरभर जळक्या प्लॅस्टिकचा वास आणि कार्ड खरंच चालू झालं! काही आठवड्यांत पुन्हा आडवं झालं, पण दिवाळीला सगळे जमले की भावजी गोष्ट तिथपर्यंत नेत नाहीत. अहो, हल्लीचं बिनशिशाचं सोल्डर, म्हणजे चिप बोर्डाला जोडणारा धातू, 217 अंशांच्या आसपास वितळतं. 200 ला काय वितळणार, कपाळ? तापल्यामुळे चिपमधले तडकलेले जोड तात्पुरते टेकतात, बस. ताईने त्या ओव्हनमध्ये परत केक केला नाही, ते वेगळंच.

माझं 1060 गेलं तेव्हा लगेच सल्ला आला, "भाज, नाहीतर भंगारात टाक. एवढ्या जुन्या कार्डावर कोण पैसे घालतं?" मी ते मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात नेलं. जिन्याखालची टीचभर जागा, टेबलावर मायक्रोस्कोप. त्या माणसाने हीटसिंक काढायच्या आधी पेन ड्राइव्हवरून मॅट्स, म्हणजे कार्डाची मेमरी तपासणारा प्रोग्राम, चालवलं. 6 जीबीच्या कार्डावर मेमरीच्या सहा चिप असतात, त्यातल्या एकीवर एररची रांग लागली. आजूबाजूला पिवळी टेप, वर फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात ते), मग हॉट एअर. डोनर कार्डाची, म्हणजे दुसऱ्या बंद कार्डातून काढलेली, चिप ठेवून त्याने चिमट्याने तिला किंचित ढकललं, तर ती आपली आपण सरकून परत जागेवर आली. "बसली," म्हणाला. सोल्डर खरंच वितळलं की असं होतं. भावजी, हे तुमच्यासाठी.

तर, दुरुस्तीलाच द्या. फक्त आधी मॅट्स चालवायला सांगा. न तपासता 'रिबॉलिंग करू' (चिप काढून खालचे सोल्डरचे गोळे नव्याने बसवू) म्हणणाऱ्याकडून कार्ड उचला आणि निघा.

आता जीपीयू, म्हणजे कार्डाची मुख्य चिपच, गेला असेल तर मात्र नाद सोडा. शिवाय 1060 ला ऑक्टोबर 2025 नंतर गेम रेडी ड्रायव्हर (नव्या गेमसाठी सुधारलेले) येत नाहीत, आता फक्त सिक्युरिटी अपडेट. अगदी नवे गेम खेळायचे असतील तर हेही धरा.

नवीन घ्यायचं तर आरटीएक्स 3050 चं 6 जीबीवालं बघा. 70 वॉट, बऱ्याच मॉडेलना वेगळी पॉवर केबलही लागत नाही, जुना एसएमपीएस (पॉवर सप्लाय) चालून जातो. इंटेलचं आर्क घेऊ नका. रीसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) नसलेल्या जुन्या मदरबोर्डवर ते रडतं. सेकंडहँड घेताना दुकानातच जीपीयू-झेड (कार्डाची खरी माहिती दाखवणारा प्रोग्राम) उघडा, कारण जुन्या कार्डाचं बायॉस, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, बदलून 1050 टीआय म्हणून खपवणारे भरपूर आहेत.

आरएक्स 6500 एक्सटी स्वस्त दिसलं तरी हात लावू नका. त्याला पीसीआय एक्सप्रेसच्या (मदरबोर्डशी डेटा नेणाऱ्या) चारच लेन आहेत, आणि तुमच्या चौथ्या पिढीच्या आय5 खाली एच81 चिपसेटचा बोर्ड असेल तर त्याही जुन्या 2.0 च्या वेगाने चालतात. भावजींनी 970 भंगारात देऊन नेमकं हेच घेतलं, एच81 वर. आता गेम अडखळला की म्हणतात, विंडोजचा प्रॉब्लेम आहे.