गवे वाढले की रान आटलं?

प्रश्न : पूर्वी आमच्या वाडीत गवा दिसला की लोक बघायला पळायचे. आता रात्री लावणीच्या उसात आठ-दहांचा कळप उभा असतो. गवे एवढे वाढले का? कुंपणाच्या तारेला झटका मशीन लावूनही ते आत शिरतात, ते कसं?
– एक शेतकरी, राधानगरी तालुका

उत्तर : जास्त दिसतात म्हणजे तेवढे वाढले, असा हिशेब धरू नका. दाजीपूरचं जंगल १९५८ साली गव्यांसाठी राखलं गेलं, पुढे राधानगरी अभयारण्य झालं. त्याचा फायदा झालाच. पण गव्याची मादी साधारण नऊ महिने गाभण राहून एका वेळी एकच वासरू देते. तिची पैदास काही उंदरासारखी नाही. बदललंय ते खाणं. गवत वणव्यात जळतं, उघड्या जागी रानमोडीचं तण माजतं आणि त्याला गवा तोंड लावत नाही. शिवारात पूर्वी नाचणी निघाली की रान उघडं पडायचं. आता पाण्यावरचा ऊस बारा महिने हिरवा. जंगल वाळलेलं असताना एप्रिलात कोवळी लावण समोर दिसली, तर कळप उतरणारच.

आता झटक्याचं. बहुतेक ठिकाणी मशीन धड असतं, मेलेलं असतं ते अर्थिंग. जनावराने तार शिवली की करंट त्याच्या अंगातून जमिनीत आणि जमिनीतून अर्थिंगच्या सळीवाटे मशीनकडे परत यायला हवा. उन्हाळ्यात माती कोरडी ठणठणीत झाली की ही वाटच तुटते. पाच-सहा फुटी तीन सळ्या दहा-दहा फुटांवर पूर्ण ठोका, एकाच तारेने जोडा आणि मार्चपासून आठवड्याला बुडात पाणी घाला. खालच्या तारेला गवत टेकलं तर करंट तिथेच गळतो, म्हणून पट्टा बेणून ठेवा. एक तार गव्याच्या नाकाच्या उंचीला, साडेतीन फुटांच्या आसपास हवी. पाठीच्या जाड कातड्यापेक्षा ओलं नाक लवकर शिकतं. ओढ्यापाशी तार उचललेली राहते, कळप नेमका तिथूनच घुसतो.

आणि पाण्याकडे जाणारी त्यांची जुनी वाट मोकळी सोडा. ती बंद केलीत तर कळप शेजाऱ्याच्या रानात वळेल, मग भांडण गव्याशी राहत नाही.

घरची लाइन तारेत सोडणं मात्र खून पाडण्याचा प्रकार आहे. झटका मशीन क्षणभराचे ठोके देतं, २३० व्होल्टची लाइन धरून ठेवते, मग पलीकडे गवा असो की पाणी पाजायला आलेला माणूस. गवा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची एकमधला प्राणी. त्याला मारल्यास तीन ते सात वर्षं कैद.

नुकसान झालं तर पंचनाम्याआधी रान नांगरू नका. खुरांचे ठसे, मोडलेला ऊस तसाच ठेवा, फोटो काढा आणि लगेच वनरक्षकाला कळवा. जंगलात चरायला जाणाऱ्या गुरांना दर सहा महिन्यांनी लाळ-खुरकुताची लस द्या. हा रोग गव्यांनाही होतो.

प्रश्न : ऊसतोडीत मांजरासारखी तीन पिल्लं सापडली. टोळीतले लोक बिबट्याची म्हणत होते. काय करायचं?
– एक वाचक, शिरोळ तालुका

उत्तर : उसात सापडतात ती बऱ्याचदा रानमांजराची असतात. ओळख पटवत बसू नका, तेवढ्या पट्ट्यातली तोड थांबवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. गाईचं दूध पाजू नका, पिल्लांना हगवण लागते. पिल्लं उचलली गेली असतील तर उघड्या क्रेटमध्ये त्याच जागी ठेवायची; ते काम वनविभागाच्या माणसांसमोर, दिवस मावळताना. मग सगळ्यांनी लांब व्हायचं, कुत्री बांधायची. आई रात्री येते आणि एकेक करून नेते. पुढच्या फडाला चारी बाजूंनी तोड लावू नका आणि फड पेटवू नका; एका अंगाने तोडत गेलात की जनावर दुसऱ्या अंगाने निघून जातं.