‘ओटीपी मी कुणालाच दिला नव्हता’

“मॅडम, ओटीपी मी कुणालाच दिला नव्हता हो.” नाव-गाव सांगायच्या आधी त्या हेच बोलल्या. साठी उलटलेली, पती हयात नाहीत, मुलगा परगावी. उमेदीचा काळ बँकेच्या नोकरीत गेलेला; ‘पिन सांगू नका’ असं इतरांना बजावण्यातच कितीतरी वर्षं गेली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) त्यांना छळणारा प्रश्न एकच होता : मला कसं कळलं नाही? माझं डोकं चालेनासं झालंय का?

आर्थिक फसवणूक झालेली माणसं समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात तेव्हा पैशाइतकंच हे दुखणंही घेऊन येतात. म्हणून हा अनुभव जरा सविस्तर लिहिते.

फोन आला तो पार्सलचा. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, गुन्हा नोंदलाय, ‘साहेबां’शी बोला. पुढे व्हिडिओ कॉल. गणवेशातला माणूस, मागे भिंतीवर बोधचिन्ह, आणि त्याने घडाघडा वाचून दाखवलेला त्यांचा खरा आधार क्रमांक. मग न्यायालयाचा शिक्का असलेला आदेश मोबाइलवर आला. तुम्ही ‘डिजिटल अरेस्ट’मध्ये आहात, कॅमेरा बंद करायचा नाही, कुणाशी बोलायचं नाही.

दोन दिवस त्या त्या फोनसमोर होत्या. चार्जरची वायर आखूड, म्हणून स्टूल भिंतीशी ओढून घेतलेलं. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवलेला. बाथरूमला जायलाही परवानगी मागत होत्या. शेजारीण बेल वाजवून गेली, तर दार न उघडता आतूनच म्हणाल्या, “बरं वाटत नाहीये, नंतर ये.”

तिसऱ्या दिवशी त्या स्वतः बँकेत गेल्या, मुदतठेव मोडली, स्वतःच्या हाताने आरटीजीएसचा, म्हणजे मोठी रक्कम थेट दुसऱ्या खात्यात पाठवण्याचा, फॉर्म भरला. पैसे ‘तपासणीसाठी’ एका खात्यात ठेवायचे आणि निर्दोष ठरल्यावर परत, असं सांगितलं होतं. अधिकाऱ्याने विचारलं, एवढी रक्कम कशासाठी? पढवून ठेवलेलं उत्तर त्यांनी दिलं : नातेवाइकाच्या घरासाठी. “मॅडम, काउंटरच्या त्या बाजूला मी बसायचे. हाच प्रश्न मी लोकांना विचारायचे.”

ओटीपी दिला नव्हता हे खरंच होतं. या फसवणुकीत तो लागतच नाही. पैसे आपल्याच हातून जातात.

त्या आल्या तेव्हा अकरा दिवस उलटले होते आणि तक्रार केलेली नव्हती. समुपदेशन मी बाजूला ठेवलं. माझ्यासमोरच त्यांना १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला फोन लावायला सांगितला. नंतर सरकारी सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार, आणि बँकेला लेखी अर्ज. असे पैसे एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात झपाट्याने फिरवले जातात. ते हाती लागण्याची शक्यता पहिल्या काही तासांत सर्वांत जास्त असते. तरीही उशीर झाला म्हणून तक्रार टाळू नये. यांच्या रकमेतला थोडा भाग एका खात्यात गोठवलेला सापडला.

मग बोलायला बसलो. भारतीय कायद्यात ‘डिजिटल अरेस्ट’ नावाचं काही नाही. कुठलीही तपास यंत्रणा पैसे ‘तपासायला’ पाठवा म्हणत नाही. ऑक्टोबर २०२४मध्ये पंतप्रधानांनीही ‘मन की बात’मधून हे सांगितलं होतं. या बाईंनी तो भाग ऐकला होता! “मग तेव्हा आठवलं कसं नाही?” त्यांनी विचारलं. घाबरलेला माणूस विचार करायचा थांबत नाही, उलट भराभर करतो, फक्त एकाच दिशेने, यातून सुटू कसा. आणि सुटकेची वाट त्या क्षणी तो एकच आवाज दाखवत असतो. दुसरा आवाज कानावर पडला तर जाळं तुटतं, म्हणून शेजारीण बाहेर ठेवली जाते.

माझ्या मते ओळखायची खूण गोष्टीत शोधू नये. पार्सलची जागा उद्या सिमकार्ड घेईल, परवा मुलाचा अपघात. खूण दोन वाक्यांत असते : ‘कुणाला सांगू नका’ आणि ‘आत्ताच करा’. शेअरच्या टिपा देणारा ग्रुप बाहेर बोलू नका म्हणतो, ऑनलाइन ओळखीचं स्थळ घरच्यांना इतक्यात नको म्हणतं, वीजबिलाचा मेसेज आज रात्रीच कनेक्शन तोडतो. यातलं एक वाक्य जरी आलं तरी फोन ठेवावा आणि घरातल्या कुणालातरी मोठ्याने सांगावं. मोठ्याने सांगताना आपल्याच कानांना ते विचित्र लागतं.

आणखी एक सावधगिरी मी पहिल्याच दिवशी सांगितली होती : आता ‘तुमचे पैसे मिळवून देतो, आधी फी भरा’ असा फोन येईल. एकदा फसलेल्यांचे नंबर पुढे विकले जातात. पंधरवड्यात तो आलाच. त्यांनी फोन ठेवला आणि मला कळवलं.

मुलाला सांगायचं मात्र राहिलं होतं. तिसऱ्या भेटीला तो आला. ऐकता ऐकता त्याच्या तोंडून निघालंच, “आई, अगं तू बँकेत होतीस ना?” त्यांची मान खाली गेली. मी त्याला बाहेर नेलं. म्हटलं, हा प्रश्न त्या दिवसातून शंभरदा स्वतःला विचारताहेत. तुम्ही दुसरं काही विचारा.

तो आत आला, बराच वेळ नुसता बसला. मग म्हणाला, “त्या दोन दिवसांत तू जेवलीस का गं?”

त्या रडल्या. मग, पहिल्यांदाच, त्यांनी त्याला पूर्ण आकडा सांगितला.