आपली मुलं मुळातच बारीक असतात, मग त्यांना कुपोषित का म्हणायचं?

तुमचं म्हणणं असं की आपली मुलं अंगकाठीनंच लहान, त्यांना वाढीच्या परदेशी तक्त्यावर तोलायचं आणि भारतात आफ्रिकेपेक्षा जास्त कुपोषण आहे म्हणून ओरडायचं, हे बरोबर नाही.

मी नागपुरात अंगणवाडी सेविका आहे. वजनाच्या दिवशी हेच ऐकते.

आधी तक्त्याचं. जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ साली तो काढला तेव्हा ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका आणि आपल्या दिल्लीतलीही मुलं मोजली होती. आईचं दूध, धड आहार मिळालेली. उंचीत देशादेशांत फारसा फरक निघाला नाही.

आता आफ्रिका. इथिओपियात २०१९ च्या पाहणीत पाच वर्षांखालची ३७ टक्के मुलं बुटकी होती, आपल्याकडे २०१९-२१ मध्ये ३५.५. म्हणजे जवळपास सारखंच. पण कमी वजनाची तिथं २१ टक्के, इथं ३२! फरक पडतो तो लुकडेपणानं, म्हणजे उंचीच्या मानानं वजन कमी असण्यानं. ते त्यांच्याकडे ७ टक्के, आपल्याकडे १९, महाराष्ट्रात तर २५.६. (कुपोषण म्हटलं की सगळे मेळघाटाकडे बोट दाखवतात. एवढा आकडा एकट्या मेळघाटानं भरत नाही हो.)

थोडं अंगकाठीचं असेलही. पण माझ्याकडची एक मुलगी सांगते. दोन वर्षांची, वजन ८ किलो ७००. या वयात ९ च्या खाली गेलं की कमी वजन. हातात पाच रुपयांचं चिप्सचं पाकीट. "जेवतच नाही, बाई," आई म्हणाली. जेवण म्हणजे भात आणि वरणाचं वरचं पाणी. कार्ड पाहिलं, तर जन्मतःच दोन किलो शंभर. आई स्वतः काडी, रक्त कमी. देशात २०१९-२१ च्या पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला, तशीच ही एक. पोर पोटातूनच मागे पडून आलं, नंतर पातळ वरणानं ते भरून कसं निघणार?

आजी शेजारीच बसली होती. "हिचा बाप बी असाच होता ना बाई, किडकिडीत." मी विचारलं, तो पोटात होता तेव्हा काय खायच्या? "कायचं खानं? भिवापूरले मिरचीच्या सातऱ्यावर (मिरच्या वाळवून देठं खुडतात ती जागा) जात होती मी, देठं खुडाले. नववा लागला तरी. दुपारी शिळी भाकर अन् चहा."