मुंबई ते टोकियो: जाताना आठ तास, येताना दहा का?

तुम्ही विचारलंय की नाशिकहून आईवडिलांना टोकियोला पाठवायचंय, तर विमानाचं अंतर किती आणि जाण्यायेण्याच्या वेळेत दोन तासांचा फरक कसा? माझी बहीण तिकडे असते, त्यामुळे हा प्रवास माझ्या चांगला ओळखीचा आहे.

मुंबई ते नारिता (टोकियोचा विमानतळ) सरळ अंतर साधारण ६,७५० ते ६,८०० किलोमीटर. पण नकाशावरची ही सगळ्यात जवळची रेघ पूर्व हिमालय आणि तिबेटच्या कडेवरून जाते. केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला लगेच तीन किलोमीटर उंचीपर्यंत खाली यावं लागतं, आणि तिथली जमीनच त्याहून उंच. म्हणून विमानं सहसा म्यानमार, दक्षिण चीन असा वळसा घेतात.

वेळेतला फरक वाऱ्यामुळे पडतो. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम नावाचा वेगवान वारा वाहतो आणि हिवाळ्यात जपानवर त्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्याही पुढे जातो. वासाबुरो ओइशी या जपानी शास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले होते. अहवाल मात्र एस्पेरांतो या मुद्दाम बनवलेल्या, फार थोड्यांना येणाऱ्या भाषेत छापला, त्यामुळे बाहेर फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. मला याची फार हळहळ वाटते. सीटसमोरच्या स्क्रीनवर हा वारा चक्क दिसतो: जाताना वारा पाठीशी, म्हणून वेग ताशी हजार किलोमीटरच्या वर; येताना तोच समोरून, म्हणून त्याच जातीचं विमान पावणेआठशेवर रेंगाळतं.

तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या असतात. जपानचं घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास, आणि ते वर्षभर तेवढंच. समजा, मुंबईहून रात्री ८ला निघून नारिताला सकाळी साडेसातला उतरलं, तर दिसतात साडेअकरा तास, प्रत्यक्षात आठ. येताना सकाळी ११ला निघून मुंबईत संध्याकाळी साडेपाच, म्हणजे दिसायला साडेसहा, पण बसून काढायचे दहा. आईवडिलांसाठी मधल्या वाटेलगतची सीट मागायची तर येतानाच्या विमानात आधी मागा. व्हीलचेअर लागणार असेल तर तीही तिकीट काढतानाच सांगा.

आता घर ते घर. रात्री ८च्या विमानासाठी नाशिकहून दुपारी १२ला निघा. इगतपुरी ते आमणे हा समृद्धीचा टप्पा जून २०२५मध्ये सुरू झाल्यापासून कसारा घाट टळतो, पण पुढे भिवंडी-ठाण्याचा भरवसा धरू नका. विमानतळावर तीन तास आधी पोचलेलं बरं. नारिता टोकियोच्या मध्यापासून साठेक किलोमीटर लांब, ट्रेनने तासभर. इमिग्रेशन, सामान धरून टोकियोतल्या घरी पोचेपर्यंत एकोणीस-वीस तास होतात. दुसरं विमान बदलून हानेदाला उतरण्याचा पर्याय दिसला तर तोही बघा, तो विमानतळ शहरातच आहे. पण वयस्कर माणसांना मी थेट विमानच सुचवेन.

परतीला संध्याकाळी साडेपाचला उतरून बाहेर पडेपर्यंत सात वाजतात, आणि तेव्हा भिवंडीजवळच्या मानकोलीला गर्दी ऐन भरात असते. गाडी नाशिकहूनच ठरवा आणि ड्रायव्हरला जेवून यायला सांगा.