हार्ट फेल्युअरनंतर वडिलांना घरी आणतोय. नर्स लागेल, की आयाबाई पुरे?

तुमचे वडील ७९ वर्षांचे, ब्युरोची बारा तासांची आयाबाई ठरलेली, आणि त्यावर नर्सचा खर्च कशाला, किती दिवस, असं तुम्ही विचारताय. माझ्या भाच्याने हेच मला तोंडावर विचारलं होतं, म्हणून लिहायला बसले. महापालिकेच्या हॉस्पिटलात मेडिकल वॉर्डची सिस्टर होते, आता रिटायर्ड.

भावोजी लालबागच्या चाळीत राहतात. तिसरा मजला, लिफ्ट नाही, संडास गॅलरीच्या टोकाला. हार्ट फेल्युअर, जोडीला शुगर, गुडघे, आणि अंग इतकं उतरलेलं की सदरा खांद्यावर ठरेना. खाजगी हॉस्पिटलातून घरी आले तेव्हा डिस्चार्ज कार्डावर नवी औषधं व्यवस्थित टाइप केलेली. जुन्यातली कुठली बंद करायची, याबद्दल एक ओळ नाही.

आयाबाई चांगली होती, हे आधीच सांगते. स्पंजिंग, भरवणं, उठवून बसवणं, कशात नाव ठेवायला जागा नव्हती. पण मी घरातल्या झाडून सगळ्या गोळ्या खाटेवर ओतल्या, तेव्हा मेटोप्रोलॉल, म्हणजे नाडी मंद करणारी हृदयाची गोळी, दोन कंपन्यांच्या दोन नावांनी चालू निघाली, एक पूर्वीची, एक नवी. नाडी ४८. गुडघ्यासाठी केमिस्टकडून आणलेली डायक्लोफेनॅक वेगळीच, ती घरात कुणी औषधात धरलीच नव्हती. ही गोळी अंगात मीठ-पाणी धरून ठेवते. म्हणजे लॅसिक्सच्या गोळीने लघवीवाटे पाणी काढायचं आणि हिने अडवायचं.

लॅसिक्सचीही गंमतच. सकाळची घ्यायचे, संध्याकाळची उशीखाली. खोदून विचारल्यावर कळलं, रात्री गॅलरीतून संडासला जाताना चक्कर आली होती. ताईलाही बोलले नव्हते. मी बीपी बसवून घेतलं, मग उभं करून घेतलं. वरचा आकडा २० पेक्षा जास्त घसरला, म्हणजे उभं राहिलं की बीपी पडत होतं. तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी जास्तीची मेटोप्रोलॉल आणि डायक्लोफेनॅक बंद केली, लॅसिक्सचा दुसरा डोस दुपारी दोनला आणला. तिचा असर साधारण सहा तास राहतो, झोपेपर्यंत सगळं उरकतं. खाटेशेजारी युरिनल ठेवलं.

यावर भाचा म्हणाला, "मावशी, तू नेमकं केलंस काय? बीपी बघितलंस आणि वहीत लिहिलंस!" इंजिनिअर आहे तो.

तर तुमच्या प्रश्नाकडे. आयाबाई ठेवाच, ते काम नर्स करणार नाही. पण पहिल्या ४८ तासांत एक शिकलेली सिस्टर घरी यायला हवी, मग दोन आठवडे आठवड्यातून दोनदा, पुढे महिनाभर एकदा. बारा तास बसवून ठेवायची गरज नाही, आणि तिथेच लोक हिशेब चुकतात. ब्युरो 'नर्स' म्हणून कुणालाही पाठवतात. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, झालाय का आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन आहे का, कागद बघून घ्या. लाजू नका.

रोज सकाळी लघवी झाल्यावर, चहाच्या आधी वजन. तीन दिवसांत दोन किलोहून जास्त वाढलं की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. पण सुकलेल्या म्हाताऱ्या माणसात काटा फसवतो. अंग झडत असतं, पाणी भरत असतं, आकडा तोच. म्हणून नडगीवर अंगठा दाबून खड्डा पडतो का बघायचा आणि रात्री किती उशा लागतात ते विचारायचं, पाणी भरलं की आडवं झाल्यावर धाप लागते. मीठ कमी हे तुम्हाला माहीतच असणार, पण ॲसिडिटीला इनो पीत असतील तर त्यातही सोडियम आहे.

भाच्याने मध्यंतरी घरच्या ग्रुपवर हॉलंडचा एक अभ्यास टाकला, खाली हात जोडलेली इमोजी. तो अभ्यास खरा आहे, २०२१ साली छापलेला. हृदयाचे ३०६ पेशंट, सरासरी वय ८२, निम्म्यांना घरी नर्स आणि फिजिओथेरपिस्ट. सहा महिन्यांत परत ॲडमिट होणं किंवा मृत्यू, यात काही फायदा दिसला नाही. मी उलट १९९५ चा सेंट लुईसचा टाकला. सत्तरीपुढचे हार्ट फेल्युअरचे २८२ पेशंट. नर्सच्या देखरेखीखालचे १४२ पैकी ९१ जण ९० दिवस परत ॲडमिट न होता जगले, बाकीच्या १४० पैकी ७५. त्यावर भाच्याने नुसता अंगठा दाखवला. माझं मत असं, की हॉलंडमध्ये प्रत्येकाला फॅमिली डॉक्टर असतो, तिथे नर्सने वेगळं करायला थोडंच उरतं. लालबागला डिस्चार्जनंतर विचारणारं कोण आहे?

अर्थात वडील फारच थकलेले असतील, किडनीही साथ देत नसेल, तर नर्स आली म्हणून ॲडमिशन टळेलच असं नाही. गोळ्यांच्या वेळा मी वर लिहिल्या म्हणून बदलू नका, त्या भावोजींच्या होत्या. आणि बसल्या जागी धाप लागली, ओठ निळे दिसले, तर सिस्टरची वाट बघायची नाही, १०८ लावायचा. मेडिक्लेममध्ये या भेटी बसतात का, ते टीपीएला, म्हणजे इन्शुरन्सचे क्लेम बघणाऱ्या एजन्सीला, डिस्चार्जच्या आधीच विचारा. आमच्या बसल्या नाहीत, आणि भाचा आजही तेवढंच ऐकवतो.