तरंगत्या पवनचक्क्या: कोणी, कधी आणि काय विचारायचं?

प्रश्न: आमच्या किनाऱ्यापासून दूर, खोल समुद्रात तरंगत्या पवनचक्क्या उभारायचं घाटत आहे. पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाचा अहवाल आला की जनसुनावणी होईल, तेव्हा बोला, असं कंपनी सांगते. तोवर थांबावं का?

थांबू नका. अहवाल हाती येईपर्यंत चक्क्यांची जागा, नांगरांचा प्रकार आणि केबल किनाऱ्याला कुठे लागणार, हे तिन्ही निर्णय बहुतेक पक्के झालेले असतात. पक्षी आणि सागरी सस्तन प्राण्यांची पाहणी साधारण दोन वर्षं दर महिन्याला चालते. जागा बदलली तर ती पुन्हा करावी लागेल, म्हणून सुनावणीत कितीही आवाज उठवला तरी जागा सहसा हलत नाही.

तुमचं म्हणणं त्याआधी, स्कोपिंगच्या टप्प्यावर, लेखी जायला हवं. कशाचा अभ्यास करायचा आणि कशाचा नाही, हे तिथे ठरतं. वगळलेल्या विषयांची यादी आधी मागा. तिथे गळलेल्या विषयाचं पुढे अहवालात प्रकरणच नसतं. या वेळी कंपनीकडे पक्का आराखडा नसतो, फक्त कमाल मर्यादा असतात: जास्तीत जास्त इतक्या चक्क्या, इतके नांगर. म्हणून प्रत्येक परिणामासाठी वाईटात वाईट रचना कोणती धरली, हे विचारा. आवाजाच्या दृष्टीने ती ठोकून बसवलेल्या खांबांची असेल, मासेमारीच्या दृष्टीने लांब साखळ्यांची. दोन्हींना एकच रचना लावली असेल तर कुठेतरी परिणाम कमी दाखवला गेला आहे.

प्रश्न: मी मच्छीमार संस्थेचं काम पाहतो. कंपनीच्या नकाशावर आमचं क्षेत्र 'कमी वापर' म्हणून फिकट रंगात आहे. हंगामात तर तिथे लहान बोटींची गर्दी असते. असं कसं झालं?

नकाशा बहुधा उपग्रहाद्वारे बोटींवर नजर ठेवणाऱ्या यंत्रणेवरून काढला आहे. युरोपियन युनियनच्या 2009 च्या नियमांत ही यंत्रणा 12 मीटर आणि त्याहून लांब बोटींना सक्तीची होती, तर एआयएस, म्हणजे बोटीची जागा रेडिओवरून आपोआप कळवणारी यंत्रणा, 15 मीटरपेक्षा लांब बोटींना. त्याखालच्या बोटी अशा नकाशात येतच नाहीत. मोठ्या बोटींचीही नोंद साधारण दोन तासांनी एकदा होते. चार नॉट वेगाने जाळं ओढणं चालू असेल तर दोन नोंदींमध्ये जवळपास 15 किलोमीटर अंतर पडतं, मधली वाट अंदाजाने जोडली जाते. शिवाय बोट मासेमारी करते आहे की नुसती जाते आहे, हे तिच्या वेगावरून ओळखतात. पिंजरे किंवा गिलनेट लावून बोट परत आली, तर समुद्रात राहिलेल्या जाळ्याची नोंद कशातच नसते.

यावर उपाय म्हणजे तुमचा स्वतःचा नकाशा. तांडेलांच्या प्लॉटरमधल्या (बोटीची वाट नकाशावर नोंदवणाऱ्या यंत्रातल्या) वाटा घ्या, किमान तीन ते पाच वर्षांच्या, कारण मासा दर वर्षी त्याच जागी येत नाही. एक किलोमीटरचे चौकोन आखा. प्रत्येक चौकोनात महिना, साधन, बोटींची संख्या आणि मुख्य मासा भरा. बोटींची नावं नकोत. एखाद्या चौकोनात तीनपेक्षा कमी बोटी असतील तर तो शेजारच्या चौकोनात मिळवा, नाहीतर कोणाची जागा ते लगेच ओळखू येतं. माहिती देण्याआधी लेखी करार हवाच: ती कशासाठी वापरणार, कोणाला देणार नाही, काम संपल्यावर परत कधी करणार. मच्छीमाराची जागा ही आयुष्यभराची कमाई आहे, ती तोंडी आश्वासनावर देऊ नये.

माहिती गोळा करायला मोठी सभा घेऊ नका. सभेत चार जण बोलतात, बाकीचे ऐकतात. मासेमारी बंद असण्याच्या दिवसांत धक्क्यावर एकेकाला नकाशा दाखवून विचारा. तयार झालेला नकाशा पुन्हा त्यांनाच दाखवून खात्री करून घ्या.

प्रश्न: नांगर आणि साखळ्यांच्या मधून मासेमारी करता येईल का?

ते नांगरण्याच्या पद्धतीवर आहे. सैल साखळीचा बराच भाग तळावर पडलेला असतो. समजा नांगर चक्कीपासून 800 मीटरवर आहेत, तर एका चक्कीचं वर्तुळ सुमारे 2 चौरस किलोमीटरचं होतं. शिवाय साखळी जिथे तळाला टेकते तिथे ती हलत राहते आणि तळ खरवडते. ताणलेले दोर 45 अंशांत लावले तर 100 मीटर खोलीत नांगर साधारण 100 मीटरवरच येतात. पण दोर नांगराला वर ओढतो, म्हणून तळात खोल रुतवलेला किंवा ठोकलेला नांगर लागतो आणि ठोकण्याचा आवाज सागरी प्राण्यांना त्रासदायक ठरतो.

म्हणजे मच्छीमारांना सोयीचं ते प्राण्यांना अडचणीचं ठरू शकतं. दोन्ही गटांशी वेगवेगळ्या खोल्यांत चर्चा केली की दोघांना परस्परविरोधी आश्वासनं मिळतात. नांगराचा प्रकार ठरवण्याची बैठक एकत्रच घ्यावी, समोर समुद्राच्या खोलीचा नकाशा आणि तळाचा अहवाल ठेवून. नॉर्वेच्या हायविंड टॅम्पेनमध्ये 11 चक्क्यांना मिळून 19 नांगर आहेत, कारण शेजारच्या चक्क्या नांगर वाटून घेतात. हा पर्याय तपासला का, हे जरूर विचारा.

तळाशी ओढायचं ट्रॉल जाळं साखळ्यांमध्ये चालवणं धोक्याचं आहे. स्थिर साधनांचं तसं नाही. हायविंड स्कॉटलंड या तरंगत्या चक्क्यांच्या प्रकल्पात 2022 साली पिंजरे आणि गळ यांची चाचणी घेतली गेली. दोर आणि केबल यांची जागा प्लॉटरमध्ये भरता येईल अशा स्वरूपात मागा. पाण्यात लोंबणारी केबल पुरलेली नसते आणि चक्की हलते तशी तीही सरकते, म्हणून तिची रेघ न मागता पट्टा मागा.

प्रश्न: देवमासे साखळ्यांत अडकतील का?

जाड, ताणलेल्या साखळीचा फास बसणं अवघड आहे. खरी काळजी वाहत येऊन तिच्यावर अडकणाऱ्या तुटक्या जाळ्यांची आहे. दोरांची पाहणी किती महिन्यांनी होणार, जाळं सापडलं तर कोण काढणार आणि कोणाला कळवणार, हे अहवालात लिहून घ्या.

प्रश्न: अहवाल प्रचंड मोठा आहे आणि मुदत 30 दिवसांची. काय वाचावं?

युरोपियन युनियनच्या निर्देशात 30 दिवस ही किमान मुदत आहे, जास्त देता येते, म्हणून पहिल्याच दिवशी वाढ मागा. आधी प्रकल्पाचं वर्णन वाचा, मग तुमच्या विषयाचं प्रकरण, शेवटी एकत्रित परिणामांचं. शेजारचे प्रकल्प तिथे धरलेत का ते पाहा.

हरकत लिहिताना पान, तक्ता, तिथे काय चुकलं, तुमचा पुरावा आणि हवा असलेला बदल, असं प्रत्येक मुद्द्याला वेगळं लिहा. 'आमचा विरोध आहे' एवढंच लिहिलं तर उत्तरही एका ओळीचं येतं.

मोठी दुरुस्ती कुठे होणार, याबद्दल अहवालात फारच थोडं असतं. तरंगती चक्की दोर सोडवून बंदरात ओढून नेता येते. स्कॉटलंडच्या किनकार्डिन प्रकल्पातली चक्की 2022 मध्ये रॉटरडॅमला नेली होती आणि 2024 मध्ये हायविंड स्कॉटलंडच्या पाचही चक्क्या दुरुस्तीसाठी नॉर्वेला नेल्या. ओढून नेण्याचा मार्ग तुमच्या जाळ्यांवरून जातो का, किती दिवस आधी कळवणार आणि सुटलेले दोर तोवर कुठे ठेवणार, हे तीन प्रश्न हरकतीत घाला.